कष्टाची भाषा वर्गात येते तेव्हा

बँकेच्या कोणत्याही अर्जावर ‘व्यवसाय’ नावाचा एक रकाना असतो. तीन-साडेतीन दशके मी तो रकाना वाचत आलो. पुरुषांच्या अर्जावर तो बहुधा भरलेला असे. शेती, नोकरी, दुकान, काहीतरी. बायकांच्या अर्जावर तो कोरा असे. खाते उघडायला आलेल्या बाईला विचारावे, “काय काम करता?” तर उत्तर ठरलेले: “काय न्हाई साहेब, घरातच असतो की.” आमच्या कोल्हापूरकडच्या बायका ‘असते’ म्हणत नाहीत, ‘असतो’ म्हणतात. आणि हे सांगणाऱ्या बाईच्या हाताला तंबाखूचा वास असे. घरात बसून ती विड्या वळत असे. विड्यांची मजुरी हजारावर मोजतात. पान भिजवायचे, कापायचे, त्यात तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, आणि हे हजार वेळा. तरी तिच्या लेखी ते ‘काय न्हाई’च.

ज्या कामाला सांगण्याजोगा शब्द नाही, त्या कामाची किंमतही कोणी करत नाही, हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा त्या कोऱ्या रकान्यांनी अधिक शिकवले. मी पुढे कादंबऱ्या लिहू लागलो त्यामागे हे रकाने होते. पण आज सांगायचे आहे ते माझ्या कादंबऱ्यांविषयी नाही. आपल्या कोल्हापूर भागात साहित्य शिकवणाऱ्या काही प्राध्यापकांनी या ‘काय न्हाई’ला शब्द देण्याचे काम केले, त्यांच्याविषयी सांगायचे आहे. साहित्याचा प्राध्यापक म्हटले की आपल्यासमोर कवितेचे रसग्रहण करणारे गृहस्थ उभे राहतात. कष्टकऱ्यांच्या घरात जाऊन तिथली भाषा, तिथले जगणे अभ्यासाचा विषय करणारा आणि तो अभ्यास पुन्हा त्याच लोकांपर्यंत पोचवणारा प्राध्यापक आपल्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. आपल्याकडे अशी माणसे होऊन गेली आणि आहेत.

मातीच तशी

ही माणसे इथेच का निपजली, याचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली आणि 1917 मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. नांगरामागची, चांभारवाड्यातली, कोष्ट्याच्या मागावरची मुले शाळेच्या बाकावर आली ती तेव्हापासून. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. गरीब मुलाला फुकट शिकवण्यापेक्षा त्याच्या श्रमालाच त्यांनी शिक्षणाचे भांडवल मानले. ‘कमवा आणि शिका’ हे आज आपल्याला घोषवाक्य वाटते. त्या काळी तो मोठा वैचारिक उलटफेर होता. हातात कुदळ धरणे ही शिकणाऱ्याच्या अंगची लाज नव्हे, हे त्याने जाहीर केले. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी हीच योजना विद्यापीठाच्या आवारात आणली. शेतात काम करून फी भरणारी कितीतरी मुले तिथून एम. ए. झाली.

तिसरे नाव जे. पी. नाईकांचे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस पुढे देशाच्या शिक्षण आयोगाचा सचिव झाला, पण त्याने आधी पाय रोवले ते भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीत. तिथले मौनी विद्यापीठ हे नावाने विद्यापीठ असले तरी पदव्या वाटणारे नव्हते. खेड्याचे जगणे हाच अभ्यासक्रम मानून बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंत शिक्षणाची साखळी उभी करावी, असा तो प्रयोग होता. केंद्र सरकारने पन्नाशीच्या दशकात देशात मोजक्या ठिकाणी ‘ग्रामीण संस्था’ काढल्या, त्यांत गारगोटी होती.

एवढे सगळे झाले तरी एक गोष्ट राहूनच गेली होती. मुलगा शेतातून वर्गात आला, पण त्याची भाषा वर्गाच्या दाराबाहेर, चपलांबरोबर राहिली.

दाराबाहेर राहिलेली भाषा

मी ऐंशीच्या आसपास कॉलेजात होतो. माझ्या शेजारी बसणारा एक मित्र हंगामात पहाटेपर्यंत गुऱ्हाळावर राबून वर्गात येई. त्याच्या अंगाला रसाचा गोडसर, धुरकट वास येई. निबंधाचा विषय आला ‘पहाट’. त्याने दवबिंदू, उषेची लाली आणि कोकिळेचे कूजन असा निबंध लिहिला आणि त्याला बरे गुण पडले. त्याने आयुष्यात पाहिलेली पहाट निराळी होती. चुलवाणात चिपाडे ढकलणारा जाळव्या, भेंडीचे पाणी टाकल्यावर काहिलीत वर येणारी मळी, पाक तयार झाला की नाही हे बोटांवर जोखणारा गुळव्या, आणि काहील उतरवताना सगळ्यांनी एकदम लावलेला जोर. यातला एकही शब्द त्याच्या निबंधात नव्हता. हे शब्द निबंधात चालतात, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

कागलच्या आनंद यादवांनी हे दुःख आपल्या लेखनात सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर मांडले. वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या बापाचा हा मुलगा शाळेसाठी घरातून पळाला, झगडत शिकला आणि पुढे पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला. 1987 साली आलेल्या ‘झोंबी’ने हजारो वाचकांना रडवले. पण त्या पुस्तकाचे मोठेपण रडवण्यात नाही. मोट, पाट, उसाचा पाला, उपाशी पोरे या सगळ्यांना त्याने मराठी साहित्याच्या मधल्या खोलीत आणून बसवले, हे त्याचे मोठेपण आहे. 1990 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रामीण भागातल्या नव्या लेखकांना पुढे आणण्यासाठी यादव गावोगावी मेळावे घेत हिंडले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तरी लेखकाने आपले घर लिहिणे वेगळे आणि प्राध्यापकाने दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडणे वेगळे.

गारगोटीचे सर

राजन गवस हे गडहिंग्लज तालुक्यातल्या अत्याळचे. 2001 साली ‘तणकट’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर महाराष्ट्रभर त्यांचे नाव झाले, पण आमच्या भागात ते त्याआधीपासून ‘गवस सर’ होते. त्यांनी अध्यापनाची अनेक वर्षे काढली ती गारगोटीच्या कर्मवीर हिरे महाविद्यालयात, म्हणजे जे. पी. नाईकांच्या त्या मौनी विद्यापीठाच्याच अंगणात. पुढे ते शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागातही होते.

त्यांच्या संशोधनाचा विषय पाहण्यासारखा आहे. गडहिंग्लजकडचा हा तरुण डॉक्टरेटसाठी निवडतो कोणाला, तर भाऊ पाध्यांना. भाऊ पाध्ये हे मुंबईचे लेखक. त्यांनी काही काळ कामगार चळवळीत पूर्णवेळ काम केले होते. ‘डोंबाऱ्याचा खेळ’ या कादंबरीत त्यांनी कामगार संघटनेचे जग आतून दाखवले. तिथल्या पुढाऱ्यांसकट, हेव्यादाव्यांसकट. मराठी समीक्षेने त्यांना बराच काळ दारातच उभे केले होते. गिरणगावच्या चाळीत जे माणूस राहते ते बहुतेक वेळा घाटावरच्या किंवा कोकणातल्या खेड्यातून गेलेले असते. तेव्हा गडहिंग्लजच्या माणसाने मुंबईच्या कामगारांचे साहित्य अभ्यासणे म्हणजे एस. टी.ने मुंबईला गेलेल्या आपल्याच भावाची चौकशी करणे होते.

गवसांची दुसरी बाजू चळवळीची. गडहिंग्लज आणि निपाणीचा पट्टा हा यल्लम्माच्या जोगतिणींचा. गरिबाघरची, बहुतेक दलित घरांतली मुलगी देवाला सोडायची आणि तिचे सगळे आयुष्य गावाच्या तोंडी द्यायचे, ही रूढी कायद्याने बंद करण्याची सुरुवात मुंबई प्रांतात 1934 मध्ये झाली, कर्नाटकात 1982 मध्ये कायदा झाला. पण कागदावरचा कायदा डोंगरवाटेने देवीला जाणाऱ्या बैलगाडीला थांबवू शकला नव्हता. गडहिंग्लजला प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्या शिक्षकांनी देवदासी निर्मूलनाचे काम उभे केले. गवस त्या कामात होते. त्यातून 1985 मध्ये ‘चौंडकं’ आली आणि 1988 मध्ये ‘भंडारभोग’. पहिली जोगतिणीची कहाणी, दुसरी जोगत्याची. चौंडकं हे त्यांच्या काखेतले वाद्य. ते वाजताना आपण लहानपणी ऐकलेले असते, दारात आलेल्या परडीत पीठ घातलेले असते. त्या परडीमागच्या बाईचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे मात्र या कादंबऱ्यांनी प्रथम आमच्या घरांत आणले.

इथे शिकवणे कोणते, लिहिणे कोणते आणि चळवळ कोणती, याच्या भिंती आखता येत नाहीत. जोगतीण बोलते ती भाषा मराठीची की कानडीची, हा वर्गातला भाषाविज्ञानाचा प्रश्न. ती असे का बोलते, हा समाजाचा प्रश्न. आणि तिचे बोलणे ऐकायला मी कुठे बसायचे, तिच्या दारात की माझ्या खुर्चीत, हा शिकवणाऱ्याच्या नीतीचा प्रश्न. हे तिन्ही प्रश्न एकाच माणसाने स्वतःला विचारावेत, हे आपल्याकडे क्वचित घडते.

सीमेपलीकडचे शेजारी

गारगोटीहून खाली उतरून महामार्गाला लागले की थोड्या अंतरावर निपाणी. राज्य कर्नाटक, बोली आपली. तंबाखूच्या वखारींचे हे गाव. तिथल्या वखारींत बायका दिवसभर तंबाखू कुटत, चाळत आणि ती भुकटी नाकातोंडात घेत. ऐंशीच्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या स्थानिक प्राध्यापकांनी या बायकांची संघटना बांधली. कॉलेजचा मास्तर वखारीच्या दारात उभा राहतो, हे दृश्य तेव्हा मालकांना जेवढे नवे होते तेवढेच बायकांनाही. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने 1982 मध्ये या कामगार बायकांवर एक लघुपट केला. त्यात बायका स्वतः बोलतात. याच निपाणीत महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ते 2024 साली गेले. ज्या लेखकाच्या केसांवर दिवसभर पीठ उडते, त्याला कष्टकऱ्यांची भाषा शोधायला जावे लागत नाही. ती डोक्यावर डबा घेऊन त्याच्या दारात येते.

शब्द वेचणारा माणूस

डॉ. कृष्णा किरवले शिवाजी विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख होते, तिथल्या डॉ. आंबेडकर अध्यासन केंद्राचे कामही त्यांनी पाहिले. त्यांचा मुख्य अभ्यास आंबेडकरी शाहिरीचा. आता शाहिरी म्हणजे काय? डफ-तुणतुण्याच्या साथीने गिरणीच्या फाटकावर, चाळीच्या चौकात, वस्तीच्या पारावर म्हटले गेलेले. म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण दिवसा मजूर. छापले गेले ते थोडे, हवेत विरले ते फार. ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ या पुस्तकात किरवल्यांनी हे विरत चाललेले धन गोळा केले. बाबूराव बागुलांवर त्यांनी लिहिले. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे तिसरे काम: ग्रामीण आणि दलित साहित्यातल्या शब्दांचा कोश.

कोश हा कादंबरीसारखा वाचायचा प्रकार नाही, पण माझ्यासारख्या माणसाला त्यात कादंबऱ्या दिसतात. एकच शब्द घ्या: ‘कोयता’. आपल्या स्वयंपाकघरात तो नारळ फोडायचा असतो. ऊसतोडीच्या फडात ‘एक कोयता’ म्हणजे एक नवरा आणि एक बायको. मजुरीचा हिशेब दोघांचा मिळून एकच. दोन माणसे मोजताना एक हत्यार मोजायचे, हा व्यवहार ज्या भाषेत रुजला त्या भाषेने किती सोसले असेल! त्याच्या शेजारचा शब्द ‘उचल’. आमच्या खातेवहीत जे ‘अग्रिम’, ते फडात ‘उचल’. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले हे पैसे फेडता फेडता जोडप्याचे पाय दर दिवाळीनंतर त्याच वाटेने वळतात. बँकेत कर्ज थकले की आम्ही नोटीस काढत होतो. उचल थकली की मुकादम माणूसच उचलून नेतो. हा फरक मला रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात सापडला नव्हता, तो शब्दात सापडला.

इचलकरंजीला जा. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. तिथे ‘धोटा’, ‘कांडी’, ‘वहिफणी’ हे रोजच्या जेवणातले शब्द आहेत. कोल्हापूरच्या चप्पलगल्लीत पायताणाला कान असतात आणि वेणी असते, आणि ‘कापशी’ हे त्याचे नाव कागल तालुक्यातल्या एका गावावरून पडले. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सगळे खूश झालो. चपलेचे नाव सुरक्षित झाले. ती शिवणाऱ्याच्या तोंडचे शब्द सुरक्षित करण्याची कचेरी मात्र कुठे नाही. ते काम मराठीच्या प्राध्यापकाचे. किरवले ते करत होते. मार्च 2017 मध्ये राहत्या घरी त्यांची हत्या झाली आणि हे काम तेवढ्यावर राहिले.

जगातही हेच

वाचकांना वाटेल, हे आपल्याकडचेच खूळ आहे की काय. तसे नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड हॉगार्ट आणि रेमंड विल्यम्स हे दोघे साहित्याचे मोठे अभ्यासक. दोघेही कामगार घरांतले, आणि दोघांनीही उमेदीची वर्षे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत न काढता प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत काढली. दिवसभर काम करून आलेल्या माणसांसमोर कादंबरी शिकवताना त्यांना साहित्याचे नवे प्रश्न सुचले. 1957 मधले हॉगार्टचे गाजलेले पुस्तक आणि 1958 मधले विल्यम्सचे, दोन्ही त्या वर्गांच्या काळातली. अमेरिकेत यंग्सटाउन नावाच्या गावातले पोलाद कारखाने 1977 पासून एकामागून एक बंद पडले. पुढे तिथल्याच विद्यापीठात शेरी लिंकन या साहित्याच्या प्राध्यापिकेने जॉन रूसो यांच्याबरोबर कामगारवर्गाच्या अभ्यासाचे केंद्र उभे केले. कारखाना गेल्यावर गावाजवळ उरतात त्या आठवणी, आणि आठवणी वाचायचे शास्त्र साहित्याकडे असते, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे काय झाले? शाहू महाराजांनी 1906 मध्ये पाया घातलेली शाहू मिल 2003 मध्ये बंद पडली. तिच्या भोंग्यावर निम्म्या शहराची घड्याळे लागत. त्या भोंग्याबरोबर उठलेल्या माणसांची बोलणी कोणी मांडून ठेवली? जागेचे काय करायचे यावर आपण भरपूर वाद घातले. माणसांच्या आठवणींवर कोणाचा दावा नव्हता, म्हणून वादही झाला नाही.

आजचे बाक

आता नवे शैक्षणिक धोरण आले आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. म्हणजे जे गवसांनी, बन्न्यांनी आपल्या पदरचा वेळ घालून केले, त्याला कागदावर जागा मिळाली. चांगली गोष्ट आहे. पण हे काम करायचे कोणी? आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत मराठी शिकवणारे कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ठाऊक नाही. पीएच.डी. झालेला, नेट-सेट उत्तीर्ण, नारायण सुर्व्यांची कविता तळमळीने शिकवणारा हा मास्तर स्वतः रोजंदारीवर आहे. विडी हजारावर, तास नगावर. त्याने संध्याकाळी वस्तीत जाऊन बायकांशी बोलावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? वस्तीत बसलेल्या वेळेचा तास धरला जात नाही.

आणि वस्तीही बदलली आहे. इचलकरंजीच्या मागांवर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुले काम करतात. 2020 च्या टाळेबंदीत ती पायी निघाली तेव्हा आपल्याला त्यांची संख्या कळली. पाच वर्षांनंतरही त्यांची भाषा कळलेली नाही. साच्यात रस ओतताना ती एकमेकांना काय हाका मारतात, आपल्या मोल्डरकडून त्यांनी कोणते मराठी शब्द उचलले आणि त्याला कोणते भोजपुरी दिले, हे कोणत्याही मराठी विभागाच्या अभ्यासपत्रिकेत अजून दिसलेले नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आपल्या आजोबांकडे त्या वेळच्या शहाण्यांनी जसे पाहिले, तसेच आज आपण या मुलांकडे पाहतो आहोत.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज कॉलेजात आहेत. मराठी घेऊन काय करणार, असे आपण त्यांना विचारतो. या रविवारी एक वेगळा प्रश्न विचारून पाहा. घरात धुणे-भांडी करायला येणाऱ्या मावशींच्या कामातले दहा शब्द लिहून आणायला सांगा. गल्लीतल्या गवंड्याचे, फाउंड्रीतल्या शेजाऱ्याचे दहा आणायला सांगा. मावशी आधी हसतील आणि म्हणतील, काय न्हाई. मग सांगायला लागतील. तेव्हा मधे बोलू नये, आणि वहीत लिहिताना त्यांचा ‘न्हाई’ पुसून ‘नाही’ करू नये. मराठीचा एवढा अभ्यास कोणत्याही घरात, फी न भरता करता येतो. पुढचा अभ्यास ज्याने करायचा त्या मास्तराला महिन्याचा पगार मिळतो आहे की तासाचा, हे मात्र पालक म्हणून आपण कॉलेजात जाऊन विचारलेच पाहिजे.